चामड्याच्या वाटीवर पेललेला आस

मालमोटारीच्या आसनाखाली, पाने, दोरखंड आणि तेलकट चिंध्या यांच्या गर्दीत पडून असलेली, वीतभर उंचीची, जाडजूड बाटलीच्या आकाराची एक लोखंडी वस्तू एका माणसाच्या हाताच्या जोरावर दहा-वीस टन ओझे उचलून धरू शकते, आणि तिला तिच्या आकारावरूनच 'बॉटल जॅक' असे नाव मिळालेले आहे. तिची कुळकथा सांगताना पास्कलच्या नियमापासून आरंभ करून थेट मालमोटारीपाशी येऊन थांबण्याचा पाठ्यपुस्तकी प्रघात आहे. हा प्रघात सोयीचा असला तरी पुरेसा नाही, कारण ज्या तत्त्वावर हा जॅक चालतो ते तत्त्व माहीत झाल्यानंतर त्याचे हत्यार व्हायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली, आणि ती वर्षे नियमाच्या शोधात नव्हे, तर गळती थांबवण्यात खर्ची पडली. जॅकचा इतिहास हा मुख्यतः वायसरचा इतिहास आहे, असे म्हणणे त्यामुळे वावगे ठरणार नाही.

आधी नावाचा विचार करणे योग्य होईल. 'जॅक' हे इंग्रजीत 'जॉन' या नावाचे घरगुती रूप असून ते पुढे कोणाही सामान्य माणसाला, हरकाम्याला किंवा नोकराला उद्देशून सरसकट वापरले जाऊ लागले. मुंबईच्या जुन्या घरांत घरगड्याचे खरे नाव काहीही असले तरी त्याला 'रामा' म्हणून हाक मारीत, त्याच जातीचा हा व्यवहार होता. नोकराचे काम करणाऱ्या साधनालाही मग तेच नाव चिकटले, आणि बूट पायातून ओढून काढणारे फळकूट, विस्तवावरचे मांस फिरवणारे यंत्र आणि गाडी उचलणारे हत्यार हे तिघेही 'जॅक' झाले. मराठीत हा शब्द मोटारीबरोबर आला आणि यंत्रापुरता न राहता माणसांच्या व्यवहारातही शिरला. 'त्याने वरून जॅक लावला' या वाक्यात वशिला अभिप्रेत असतो, लोखंड नव्हे, आणि थोड्या जोराने मोठे काम उचलले जाण्याची मूळ कल्पना त्यात शाबूत राहते. जॅकच्या दांड्याला चालक आणि त्यांचे मदतनीस (म्हणजे क्लीनर, ज्यांना रस्त्यावरच्या बोलीत 'किन्नर' म्हणतात) 'टामी' म्हणतात. हे इंग्रजीतील 'टॉमी बार' या नावाचे उरलेले अर्धे अंग आहे, आणि वर्तमानपत्रांतील हाणामारीच्या बातम्यांत येणारी 'लोखंडी टामी' ती हीच होय. जॅक आणि टामी यांच्या जोडीने नेहमी उच्चारला जाणारा तिसरा शब्द 'स्टेपनी' हा, म्हणजे जादा चाक. तो तर वेल्समधील लानेली गावच्या एका रस्त्याचे नाव आहे, कारण १९०४ साली तेथे जादा चाके बनवणारा जो उद्योग सुरू झाला त्याने त्या रस्त्याचेच नाव घेतले होते. हा शब्द इंग्लंडमध्ये विस्मृतीत गेला आणि भारतात मात्र घट्ट रुजला.

द्रवाच्या दाबाविषयीचा पहिला मोठा चमत्कारिक निष्कर्ष सायमन स्टेव्हिन या नेदरलँड्समधील गणितज्ञाने १५८६ साली छापलेल्या ग्रंथात मांडला. भांड्याच्या तळावर पडणारा दाब भांड्यात एकंदर पाणी किती आहे यावर नव्हे, तर पाण्याची उंची किती आहे यावर ठरतो, असा तो निष्कर्ष होता. पुढे ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) या फ्रेंच विचारवंताने द्रवांच्या समतोलावर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला, जो त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाण्याने भरलेल्या, चहूबाजूंनी बंद अशा एका भांड्याची कल्पना आहे, ज्याला दोन तोंडे असून एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठे आहे आणि दोन्ही तोंडांत नेमके बसणारे दट्ट्ये आहेत. लहान दट्ट्यावर एका माणसाने दिलेला जोर मोठ्या दट्ट्यावरील शंभर माणसांच्या जोराला तोलून धरील, असे पास्कलने दाखवले, कारण कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब, म्हणजे क्षेत्रफळाच्या दर एककावर पडणारा जोर, कमी न होता द्रवात सर्वत्र आणि सर्व दिशांनी पोचतो. या वाढीव जोराचे मोल द्यावे लागते, हेही त्याने लपवले नाही: लहान दट्ट्या एक इंच खाली गेला, तर मोठा दट्ट्या एका इंचाचा शंभरावा भागच वर येतो. तरफेचा जो हिशेब आहे तोच येथे पाण्याच्या भाषेत मांडलेला आहे.

पास्कलच्या वर्णनात 'नेमके बसणारे दट्ट्ये' हे शब्द सहज येऊन जातात, आणि सगळी अडचण त्या शब्दांतच होती. दट्ट्या सैल बसवला तर दाबाखालचे पाणी त्याच्या कडेने निसटते आणि जोर नाहीसा होतो. भोवती ताग किंवा दोर आवळून तो घट्ट बसवला, तर घर्षण इतके वाढते की दट्ट्या हलतच नाही, आणि वजन काढून घेतल्यावरही खाली येत नाही. दाब जितका जास्त तितके आवळणे जास्त, आणि आवळणे जितके जास्त तितका दट्ट्या अडकण्याचा संभव अधिक, असा हा पेच होता.

तो सोडवण्याचा मान जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराच्या कारखान्याकडे जातो. १७४८ साली यॉर्कशरमधील स्टेनबरो येथे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला ब्रामा पाय दुखावल्यामुळे शेतीकामाला निरुपयोगी ठरला आणि सुतारकाम शिकून लंडनला आला. तेथे त्याने १७७८ साली पाण्याच्या शौचकूपाचे आणि १७८४ साली कुलपाचे पेटंट मिळवले. ते कुलूप उघडून दाखवणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस देण्याची पाटी त्याच्या पिकॅडिलीतील दुकानात लागलेली असे, आणि ते बक्षीस १८५१ सालच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपकाराने घेईपर्यंत कोणालाही घेता आले नाही. शौचकूप, कुलूप आणि दाबयंत्र या तीन वस्तू वरवर पाहता एकमेकींपासून लांबच्या वाटतात. परंतु कोंडलेली गोष्ट कडेने निसटू न देणे हेच तिन्हींतले कौशल्य आहे. ब्रामाने द्रवदाबयंत्राचे पेटंट १७९५ साली घेतले, आणि त्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या हेन्री मॉड्स्ले या तरुणाने त्या यंत्राला चामड्याचा तो वायसर बसवला, ज्यावाचून ते यंत्र कागदावरच राहिले असते. मॉड्स्लेला हे श्रेय सॅम्युएल स्माइल्स या चरित्रकाराने दिलेले आहे. अठराव्या वर्षी ब्रामाकडे आलेला हा कारागीर १७९७ साली आठवड्याला ३० शिलिंगांहून अधिक पगार मिळेना म्हणून नोकरी सोडून गेला आणि पुढे इंग्लंडमधील यंत्रनिर्मितीचा अध्वर्यू ठरला, हे पाहता ब्रामाची ती काटकसर फारशी फायद्याची ठरली नसावी.

हा वायसर म्हणजे चामड्याची एक वाटी किंवा पन्हळीसारखे वळवलेले कडे असते आणि त्याची उघडी बाजू दाबाखालच्या पाण्याकडे केलेली असते. पाणी दाबले गेले की ते कडेने निसटण्यासाठी आधी या वाटीत शिरते, तिच्या ओठाला बाहेर ढकलते आणि तो ओठ सिलिंडरच्या भिंतीवर दाबून बसवते. म्हणजे जे पाणी गळू पाहते तेच गळतीची वाट बुजवते. दाब वाढला की ओठ अधिक घट्ट बसतो, दाब नाहीसा झाला की तो सैल पडतो आणि दट्ट्या मोकळा होतो, त्यामुळे ताग आवळण्याच्या युक्तीत जो पेच होता तो येथे उद्भवतच नाही. सायकलच्या जुन्या हवेच्या पंपाचा दांडा ओढून काढला की टोकाशी जी चामड्याची काळपट वाटी दिसते, आणि जी सुकली की पंप हवा धरीत नाही म्हणून तिला तेलाचे बोट लावावे लागते, ती याच कुळातील आहे. गावोगावच्या हापशातही हेच कूळ आढळते. १९६० आणि १९७० च्या दशकांत जालना आणि सोलापूर येथील कार्यशाळांत घडलेल्या हातपंपांवरून 'इंडिया मार्क टू' हा देशभर पसरलेला हापसा आकाराला आला. त्याच्या दट्ट्यालाही आरंभी चामड्याच्याच वाट्या असत, आणि नंतर त्यांची जागा कृत्रिम रबराने घेतली. वऱ्हाड-खानदेशातील जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत कापसाच्या गाठी आवळणारे द्रवदाबाचे प्रेस तर थेट ब्रामाच्या यंत्राचेच वंशज म्हणावे लागतील.

ब्रामाचे यंत्र दाबण्यासाठी होते. परंतु जे दाबते ते उलटे धरले की उचलते, हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. खुद्द ब्रामा अखेरच्या दिवसांत हॅम्पशरमधील होल्ट अरण्यात आपल्या यंत्राने झाडे मुळासकट उपटण्याच्या कामावर देखरेख करीत होता, आणि तेथे लागलेल्या थंडीने आजारी पडून १८१४ च्या डिसेंबरात मरण पावला. उचलण्याचे खरे अवाढव्य काम मात्र १८४९ साली वेल्समध्ये मेनाई सामुद्रधुनीवर झाले. रॉबर्ट स्टीफन्सन या अभियंत्याने तेथे ब्रिटानिया पूल बांधताना प्रत्येकी सुमारे दीड हजार टन वजनाच्या लोखंडी पेट्या, ज्यांच्या पोटातून आगगाडी जायची होती, समुद्रावरून तराफ्यांनी तरंगत आणल्या आणि मनोऱ्यांच्या माथ्यावर बसवलेल्या द्रवदाबयंत्रांनी शंभर फुटांवर ओढून घेतल्या. पेटी जसजशी वर जाईल तसतसे तिच्या टोकांखालची पोकळी इंचाइंचाने भरत यायची, असा स्टीफन्सनचा हट्ट होता; वेळ आणि खर्च दोन्ही वाढवणारा हा हट्ट अनाठायी वाटण्यासारखा होता. १७ ऑगस्ट १८४९ रोजी एका यंत्राच्या ओतीव सिलिंडरचा तळ फुटून निखळला, आणि खाली भराव असल्यामुळेच ती प्रचंड पेटी काही इंच खाली येऊन थांबली. भराव नसता तर ती समुद्रात गेली असती. द्रवाने उचलावे, पण उचललेले ओझे द्रवाच्या भरवशावर ठेवू नये, हा जो दंडक आज प्रत्येक गॅरेजमध्ये सांगितला जातो, त्याची एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालेली दुसरी परीक्षा दाखवणे कठीण आहे.

ही यंत्रे जागच्या जागी बसवलेली होती. त्यांचा पंप वेगळा, टाकी वेगळी आणि मधे नळ्या, अशी त्यांची मांडणी असे. पंप, पाण्याचा साठा आणि दट्ट्या हे तिन्ही एकाच हातात धरता येणाऱ्या अंगात बसवण्याचे काम न्यूयॉर्कमधील रिचर्ड डजन या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या यंत्रकाराने केले. त्याने १८५१ साली आपल्या 'सुटसुटीत द्रवदाबयंत्रा'चे अमेरिकन पेटंट घेतले, आणि बॉटल जॅकचा जन्म कोठे मानायचा असा प्रश्न केला, तर पास्कल किंवा ब्रामा यांच्याकडे नव्हे, तर या पेटंटाकडे बोट दाखवणे अधिक न्याय्य होईल. जे पाणी ओझे उचलून धरते तेच ओझे उतरवल्यावर पुन्हा साठ्यात परत यावे, बाहेर काहीही सांडू नये आणि आत काहीही भरावे लागू नये, ही बंदिस्त फेऱ्याची कल्पना त्यात पूर्ण झालेली आहे.

इंग्लंडमध्ये हे हत्यार लोकांच्या नजरेत भरले ते एका फजितीमुळे. इझाम्बार्ड ब्रुनेलचे 'ग्रेट ईस्टर्न' हे ६९२ फूट लांबीचे जहाज टेम्स नदीकाठी मिलवॉल येथे नदीला समांतर बांधले गेले होते आणि ते आडवे सरकवून पाण्यात लोटायचे होते. ३ नोव्हेंबर १८५७ रोजी पहिला प्रयत्न झाला तेव्हा ते जेमतेम हलले आणि अडून बसले. पुढचे तीन महिने ते द्रवदाबाच्या यंत्रांनी रेटत रेटत, कधी इंचांनी तर कधी फुटांनी, नदीकडे सरकवावे लागले, आणि ३१ जानेवारी १८५८ रोजी ते एकदाचे तरंगले. त्या रेट्यातले जॅक कॉर्नवॉलहून बर्मिंगहॅमला येऊन लहानसा कारखाना थाटणाऱ्या टँगी बंधूंनी पुरवले होते. आपण जहाज पाण्यात लोटले आणि जहाजाने आपल्याला धंद्यात लोटले, अशा अर्थाची कोटी ते पुढे अभिमानाने करीत. इजिप्तहून आणलेला 'क्लिओपात्राची सुई' नावाचा सुमारे ६९ फूट उंचीचा दगडी स्तंभ १८७८ साली लंडनच्या टेम्सकाठावर उभा करतानाही त्यांचेच जॅक वापरले गेले.

या सर्व काळात जॅकचे गिऱ्हाईक रेल्वे, गोदी आणि पूल हे होते. रस्त्यावरच्या गाडीला तो लागत नव्हता, आणि त्याचे कारण चाकात होते. आरंभीच्या मालमोटारींची चाके भरीव रबराची असत, आणि भरीव रबराचे पंक्चर होत नाही. १९१७ साली अमेरिकेतील गुडइयर कंपनीने हवेच्या टायरवर धावणारी मालमोटार ॲक्रनहून बॉस्टनकडे रवाना करून जड गाड्यांनाही हवेचे टायर चालू शकतात हे दाखवण्याचा खटाटोप केला, आणि पुढच्या दशकात हवेचे टायर सर्वत्र झाले. वेग वाढला, माल कमी हादरू लागला. परंतु वाटेत कोठेही, दिवसा किंवा रात्री, एका चाकावरचे काही टन ओझे जमिनीपासून चार बोटे वर उचलण्याची पाळी प्रत्येक चालकावर येऊ लागली. स्क्रू जॅक, म्हणजे आट्यांचा खांब फिरवून वर चढणारा जॅक, या कामाला होता. पण आट्यांच्या घर्षणात दिलेल्या जोराचा मोठा भाग वाया जातो, आणि ओझे जड असले की दोन माणसे टामीला लोंबकळूनही तो फिरेनासा होतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकीच्या ब्लॅकहॉक आणि वॉकशाच्या हाइन-वर्नर यांसारख्या उत्पादकांनी मोटारधंद्यासाठी जे हायड्रॉलिक हातजॅक बाजारात आणले, त्यांच्यामुळे रेल्वेचे हत्यार गॅरेजचे आणि मग चालकाच्या आसनाखालचे झाले. पाण्याची जागा आता तेलाने घेतली होती. पाणी थंडीत गोठते म्हणून त्यात पूर्वी मद्यार्क मिसळीत, पण ते गंजही चढवते, तर तेल गोठत नाही, गंजू देत नाही आणि दट्ट्याला वंगणही पुरवते. चामडे मात्र टिकून राहिले. नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कहून अमेरिकेत आलेल्या वृद्ध यंत्रकाराने गोल छेदाच्या रबरी कड्याचे, म्हणजे आजच्या ओ-रिंगचे, पेटंट १९३९ साली मिळवले, आणि तेल सोसणारे नायट्राइल हे कृत्रिम रबरही त्याच दशकात उपलब्ध झाले, तेव्हा दीडशे वर्षांच्या सेवेनंतर चामड्याची वाटी हळूहळू निवृत्त झाली. दाबानेच आपली जागा घट्ट करणे हा तिचा गुण मात्र ओ-रिंगने जसाच्या तसा उचललेला आहे.

आजच्या बॉटल जॅकचे अंग उघडले तर त्यात आत एक आणि बाहेर एक अशी दोन नळकांडी दिसतात. आतल्यात मुख्य दट्ट्या असतो, ज्याला कारागीर 'रॅम' म्हणतात, आणि दोहोंमधल्या पोकळीत तेलाचा साठा असतो. ओतीव बैठकीच्या कडेला पंपाचा बोटभर जाडीचा बारीक दट्ट्या असतो आणि बैठकीच्या पोटातल्या वाटांत दोन लहान पोलादी गोळ्या झडपांचे काम करतात: टामी वर केली की पहिली गोळी उचलली जाऊन साठ्यातले तेल पंपात येते, टामी खाली दाबली की पहिली गोळी मिटते आणि दुसरी उघडून तेल मुख्य दट्ट्याखाली जाते, आणि ते परत फिरू पाहते तेव्हा ओझ्याच्याच दाबाने दुसरी गोळी आपल्या खोबणीत बसते. तिसरी वाट एका स्क्रूने बंद केलेली असते, जो सैल केला की तेल साठ्यात परतते आणि ओझे उतरते.

बारीक दट्ट्याचा व्यास १२ मिलिमीटर आणि मुख्य दट्ट्याचा ४८ मिलिमीटर धरला, तर व्यास चौपट असल्याने क्षेत्रफळ १६ पट होते. ६० सेंटिमीटर लांबीच्या टामीपासून पंपाला तरफेचा १५ पट लाभ मिळतो असे मानले, तर एकंदर लाभ २४० पट होतो, आणि हाताने दिलेल्या ४० किलोंच्या जोराचे, घर्षण वजा न करता, ९,६०० किलो होतात. तेलावरचा दाब त्या वेळी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३० किलो असतो, म्हणजे मालमोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या साठ-सत्तरपट. हा दाब एका रबरी कड्याने अडवलेला असतो. पास्कलने सांगितलेले मोलही येथे चुकत नाही: पंपाच्या २४ मिलिमीटरच्या एका फेऱ्यात रॅम दीड मिलिमीटरच वर येतो, आणि १५ सेंटिमीटर उचलायला टामी शंभर वेळा दाबावी लागते.

जॅक निवडताना सर्वाधिक घोळ वजनाच्या आकड्याचा होतो. गाडीचे एकंदर वजन १८.५ टन असेल तर जॅकही किमान तेवढ्याचा हवा, असा समज पुष्कळांचा असतो; परंतु जॅक संपूर्ण गाडी उचलत नाही. भारतात २०१८ साली वाढवलेल्या मर्यादेनुसार दोन आसांच्या मालमोटारीच्या चार टायरांच्या मागील आसावर जास्तीत जास्त ११.५ टन आणि पुढील आसावर ७ टन भार चालतो. मागील आसाची एक बाजू उचलायची तर त्याच्या निम्मा, म्हणजे पावणेसहा टनांच्या आसपास भार जॅकवर येतो. कागदावर १० टनी जॅक पुरतो. व्यवहारात मात्र माल मर्यादेत असतोच असे नाही, रस्ता एका अंगाला उतरता असला की भार त्या बाजूला कलतो, आणि आसाच्या मधोमध, डिफरन्शियलच्या फुगवट्याखाली जॅक लावला तर संपूर्ण आसाचाच भार त्यावर येतो; म्हणून जड गाडीत २० टनी जॅक ठेवण्याची जी रीत पडली आहे ती योग्यच म्हणावी लागेल. मोठा जॅक घेताना त्याची मिटलेली उंची पाहायला विसरले जाते. टायर बसल्यावर आस खाली आलेला असतो, आणि त्याखाली जॅक शिरतच नसेल तर त्याचे वीस टन आसनाखालीच राहतात. उलट मिटलेली उंची फार कमी असेल तर रॅम पूर्ण बाहेर येऊनही चाक सुटत नाही. यावर उपाय म्हणून रॅमच्या डोक्यात फिरवून वर काढायचा आट्यांचा खांब बसवलेला असतो. तो आधी आसाला टेकेपर्यंत हाताने वर काढावा आणि मग पंप मारावा, म्हणजे द्रवाची सगळी चाल उचलण्याच्या कामी येते. जुना स्क्रू जॅक अशा रीतीने नव्या जॅकच्या डोक्यावर अजून बसलेला आहे.

जॅक ज्या जमिनीवर ठेवायचा तिचाही विचार हिशेबानेच करावा. सुमारे १५ सेंटिमीटर चौरस बैठकीवर सहा टन आले, तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला २७ किलोंच्या आसपास दाब पडतो, आणि मे महिन्यातले वितळू पाहणारे डांबर किंवा पावसाळ्यातली साइडपट्टी तो सोसू शकत नाही. जॅक एका कडेने रुततो, रॅम तिरपा होतो आणि आस त्याच्या डोक्यावरून घसरतो. खाली ३० सेंटिमीटर चौरस जाड लाकडी फळी घातली की तोच दाब सातच्या खाली येतो, म्हणजे जवळजवळ टायर रस्त्यावर देतो तेवढाच. जो रस्ता चाक पेलत होता तो मग जॅकही पेलतो.

मागील आस उचलण्यापूर्वी चाकाचे नट जमिनीवरच सैल करून घेतात, कारण चाक अधांतरी असताना पान्याला लावलेला झटका सरळ जॅकला बसतो. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात, आणि हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडवण्याऐवजी आवळत बसतो. हँडब्रेकची पकड मागच्या चाकांवर असते आणि तीच चाके उचलली की ती पकड निरुपयोगी होते, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी दगड किंवा पाचरी लावणे भाग असते. काम झाल्यावर ते दगड तेथेच टाकून गाडी निघून जाते, आणि घाटाच्या वळणावर अंधारात ते दुचाकीखाली येतात, ही तक्रार जॅकची नसली तरी जॅकच्या वापरापासून वेगळी काढता येत नाही. आस वर आला की कमानपाट्यांच्या बैठकीजवळ स्टँड किंवा लाकडी गुटके रचून ओझे त्यांवर उतरवावे आणि मगच कोणी गाडीखाली जावे. बाहेर काढलेली स्टेपनी आसाखाली सरकवून ठेवण्याची चालकांची युक्ती हे स्टीफन्सनच्या भरावाचेच गरीब रूप आहे, आणि काहीच हाताशी नसेल तेव्हा तेही पुष्कळ असते.

जॅक उभाच चालवावा असे सांगितले जाते त्याचे कारण साठ्यात आहे: तो आडवा केला आणि पंपाचे तोंड वरच्या अंगाला आले, तर तेथे तेल पोचत नाही आणि पंप हवा ओढू लागतो. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे हवा शिरलेला जॅक स्पंजासारखा मऊ लागतो. परतीचा स्क्रू उघडा ठेवून टामी पाच-दहा वेळा चालवली की ती हवा साठ्यात निघून जाते. तेल कमी झाले म्हणून त्यात ब्रेक ऑइल ओतण्याची चूक मात्र अशी सहज सुधारत नाही, कारण ग्लायकॉलपासून केलेले ते द्रव्य नायट्राइल रबराला फुगवते, आणि फुगलेले कडे मऊ पडून कापले जाते. रॅम नेहमी पूर्ण खाली करून ठेवतात, नाहीतर त्याच्या चकचकीत अंगावर गंजाचे ठिपके पडतात आणि पुढच्या वेळी ते ठिपके कानशीसारखे वायसरवर घासत जातात.

रॅमभोवती तेलाचे कडे दिसले की जॅक गळतो हे कोणालाही कळते. पण जो जॅक बाहेर कोरडा असून आतल्या आत बसतो, तो अधिक फसवा असतो. त्याची परीक्षा जुने मिस्त्री खडूने करतात: ओझे उचलून रॅमवर जेथे तो नळकांड्यात शिरतो तेथे रेघ ओढायची, दहा मिनिटे थांबायचे आणि रेघ आत गेली का ते पाहायचे. गेली असेल तर पुष्कळदा कडे शाबूत असते आणि दुसऱ्या गोळीखाली वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. ओझे उतरवून, परतीचा स्क्रू उघडून, टामी जोराने चालवली की तेलाच्या झोताबरोबर तो कण बहुधा निघून जातो, आणि मग स्क्रू आवळून पुन्हा रेघ ओढतात.